फूल आपले, मग बांधणावळ दुसऱ्याची का?

पुणे-नाशिक रस्त्यावरून रोज फुलांचे टेम्पो जातात. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतील झेंडू, शेवंती, अष्टर पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरतात. शेजारच्या मावळातील हरितगृहांत पिकलेले डच गुलाबही तेथे येतात. मग त्यांतलीच काही फुले सेलोफेनमध्ये गुंडाळून, सॅटिनची रिबन बांधून, गुच्छ होऊन याच रस्त्याने राजगुरुनगर आणि चाकणच्या कार्यालयांत लग्नासाठी परत येतात. जाताना ती शेतमाल असतात, येताना ‘बुके’ असतात. या दोन फेऱ्यांमध्ये किंमत वाढते, ती वाढ बांधणाऱ्याच्या हाताची असते आणि तो हात बहुतेक वेळा आपल्या गावचा नसतो.

लग्नाचा गुच्छ घरी बांधावा की विकत आणावा, हा प्रश्न वरवर बायकांच्या हौसेचा वाटतो. आमच्या मते तो धंद्याचा प्रश्न आहे. म्हणून या पानावर त्याची चर्चा करण्याचे आम्ही ठरविले.

बदललेले लग्न

आपल्याकडे निकाहाला फुले नवीन नाहीत. दुल्ह्याचा सेहरा, दुल्हनच्या हातातील गजरे, पाहुण्यांच्या गळ्यातील हार आणि गुलाबपाणी हे सारे घरोघरी पूर्वीपासून आहे. सेहरा बांधावा की नाही, याबद्दल मते वेगळी आहेत. त्या वादात येथे शिरायचे कारण नाही. नवा आहे तो दुल्हनने हातात धरायचा गुच्छ. फोटो आणि व्हिडिओ आले, वलीम्याला स्टेज आले, स्टेजवर खुर्ची आली आणि हातात गुच्छ आला. चाकणला २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग करणाऱ्या कंपन्या आल्या, नोकरदार वाढले आणि कार्यालयातील लग्नाची रीतही बदलली. आता साध्या घरच्या लग्नातही एक मोठा गुच्छ, दोन-तीन लहान गुच्छ, गाडीची सजावट आणि स्टेजची फुले धरली जातात.

फिजूलखर्चीवर लिहिणारे लिहितात आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण गुच्छ आता येणारच असेल, तर त्याचे पैसे कोठे जातात हे तरी पाहावे, इतकाच आमचा आग्रह आहे.

हा हुन्नर हलका नाही

फुले गुंफण्याचे काम आपल्याकडे कमी दर्जाचे समजण्याची एक वाईट सवय आहे. मुलगा गॅरेजमध्ये लागला तर घरचे आनंदाने सांगतात. तोच फुलांच्या गाळ्यावर बसला तर ‘सध्या बसलाय’ म्हणतात. अशांनी पुण्याचाच इतिहास आठवावा. साताऱ्याकडच्या कटगुणच्या गोऱ्हे घराण्याने पेशव्यांना हार, गजरे, फुलांच्या गाद्या पुरविण्याचे काम केले. त्या कामात ते असे नावारूपाला आले की लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले आणि तेच त्यांचे आडनाव झाले. महात्मा जोतीराव फुले याच घराण्यातले. त्यांची शाळा मध्येच सुटली होती, तेव्हा मुलाला पुन्हा शाळेत घाला असे वडील गोविंदरावांना पटवून देणाऱ्यांत शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी होते, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असेल. फुलांच्या कामाने एका घराला नाव दिले, जमीन दिली आणि पुण्यात उभे केले. ज्या कामाला एवढी इज्जत होती, ते आज आपल्या हाताला हलके का वाटावे?

दोन्हीकडची तक्रार

घरी गुच्छ बांधण्याची गोष्ट काढली की दोन बाजूंनी नाराजी येते. फुलवाला म्हणतो, “लोक घरीच करू लागले तर आमचे गिऱ्हाईक गेले.” घरातला माणूस म्हणतो, “लग्नाच्या धावपळीत हे झेंगट कोण करील? पैसे फेका, तयार आणा.” दोघांनाही उत्तर हिशेबाने द्यावे लागेल.

हिशेब समजावा म्हणून काही ठोकळ आकडे धरू. फुलांचे भाव रोज बदलतात, तेव्हा आकडे त्या दिवशीचे घालावेत. पद्धत हीच ठेवावी. डच गुलाबाची २० फुलांची एक गड्डी २४० रुपयांना मिळाली. जिप्सोफिला आणि हिरवा पाला ८० रुपये. टेप, रिबन, टाचण्या ४० रुपये. हे झाले ३६०. फुले मोडतात, एखादी गळते, जाण्यायेण्याचे भाडे पडते; त्याचे ६० धरा. रोख खर्च ४२० झाला. तोच गुच्छ दुकानात १,००० रुपयांना आहे असे समजू. घरचा माणूस म्हणेल, ५८० रुपये वाचले. हे खरे नाही. बांधणाऱ्या मुलीचे दोन तास गेले. तासाला १०० रुपये मजुरी धरली तर २०० रुपये तिचे. म्हणजे गुच्छाची खरी किंमत ६२० आणि खरी बचत ३८०.

आमच्या मते या साऱ्या लेखात महत्त्वाचा आकडा हा २०० रुपयांचा आहे. आपल्या घरांत बाईच्या हाताची मजुरी हिशेबात धरतच नाहीत. लग्न घरचे असेल तोपर्यंत त्याने बिघडत नाही. पण गुच्छ चांगला झाला, शेजारणीने पाहिला, तिने आपल्या मुलीसाठी सांगितला आणि ‘घरचेच आहे’ म्हणून ४५० रुपयांत करून दिला, की धंदा सुरू होण्याआधीच बुडाला. पुढच्या वेळी कोणी ६५० सांगितले तर तीच शेजारीण महाग म्हणेल. ज्या दिवशी पहिला गुच्छ घराबाहेर जाईल, त्या दिवसापासून वहीत मजुरी लिहिलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. एकाच गुच्छासाठी खास गुलटेकडीला जाणे परवडत नाही. राजगुरुनगरहून पुणे सुमारे ४० किलोमीटर आणि चाकणच्या वाहतुकीत अडकलात तर वेळेचा हिशेबच नाही. दोन-तीन घरांनी मिळून माल आणावा, किंवा गुच्छ, हार, गजरे, गाडीची फुले हे सारे एकाच खरेदीत बसवावे. तेवढे शक्य नसेल तर गावच्या फुलवाल्याकडे आठ दिवस आधी गड्डी सांगून ठेवावी. बहुतेकांना हाच मार्ग सोयीचा पडेल.

बांधावे कसे

आता प्रत्यक्ष कामाविषयी. गुच्छ बिघडतो तो हात सफाईदार नसल्याने कमी आणि फुलांना पाणी नीट न पाजल्याने जास्त.

गुलाब लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आणावेत. कळी अगदी घट्ट नको आणि पूर्ण उमललेली नको. लिलियम मात्र कळीत असताना तीन-चार दिवस आधी आणावी लागते, नाहीतर ती लग्नाला उमलत नाही. उमलली की तिच्या आतील परागांची टोके काढून टाकावीत. त्यांचा पिवळा-तपकिरी डाग दुल्हनच्या कपड्यावर पडला तर निघत नाही. जर्बेराची मान पोकळ देठामुळे लवकर वाकते, म्हणून देठाला बारीक तारेचा आधार द्यावा. कार्नेशन आणि शेवंती दणकट असतात. एप्रिल-मेच्या उन्हात लग्न असेल तर गुलाब थोडे आणि ही फुले जास्त घ्यावीत.

बादली साबणाने घासून घ्यावी. देठाचा खालचा एक इंच धारदार चाकूने तिरपा कापावा. कात्री बोथट असली तर देठ चेचतो आणि पाणी चढत नाही. पाण्यात बुडतील ती पाने आणि काटे काढावेत. मग फुले सावलीतल्या, पंख्याचा झोत थेट न लागणाऱ्या थंड खोलीत निदान पाच-सहा तास पाण्यात ठेवावीत. पाण्यात टाकायची पुडी दुकानात मिळते. ती नसेल तर नुसते स्वच्छ पाणी पुरे, पण ते बदलावे. केवळ साखर टाकण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने पाण्यात जंतू वाढतात आणि देठाच्या नळ्या बंद होतात.

बांधताना सर्वांत चांगले फूल डाव्या हातात सरळ धरावे. दुसरे फूल त्याला तिरपे टेकवावे. तिसरे, चौथे त्याच दिशेने तिरपे लावत जावे आणि प्रत्येक वेळी गुच्छ हातात किंचित फिरवावा. सारे देठ एकाच जागी एकमेकांना छेदतात आणि वरची फुले आपोआप घुमटासारखी गोल बसतात. एक जरी देठ उलट्या दिशेने गेला तर गोलाई मोडते. जेथे देठ एकत्र येतात तेथे मजबूत दोरा बांधावा, त्यावर फुलांची हिरवी टेप गुंडाळावी. ही टेप ओढून ताणल्याशिवाय चिकटत नाही, हे पहिल्यांदा करणाऱ्याला माहीत नसते आणि तो टेप खराब आहे म्हणून परत करायला जातो. शेवटी खालचे देठ वीतभर ठेवून सारखे कापावेत आणि मधल्या भागावर रिबन लावावी. देठांची टोके उघडी ठेवून गुच्छ फुलदाणीत पाण्यात ठेवता येतो. हातात देण्यापूर्वी कोरड्या कपड्याने पुसायचा, म्हणजे ओघळ कपड्यावर येत नाहीत.

मोगऱ्याच्या गजऱ्याला ही रीत नाही. मोगरा ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळावा. पाण्यात भिजविला तर काळा पडतो.

घरच्या फ्रिजबद्दल इशारा देणे आम्हाला जरूर वाटते. केळी, आंबे, सफरचंद पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने फुले अकाली कोमेजतात; कार्नेशन तर लगेच मिटते. लग्नघरात फ्रिज फळांनी भरलेला असतो. तेथे गुच्छ ठेवण्यापेक्षा मोरीजवळच्या थंड खोलीत बादलीत ठेवलेला बरा.

आणि एक तालीम जरूर करावी. आठ दिवस आधी स्वस्त शेवंती आणून एकदा गुच्छ बांधून पाहावा. ज्या घरात हात बसला नाही, त्याने तयार गुच्छ मागवावा. घरचाच करायचा असा हट्ट धरून दुल्हनच्या हातात वाकडा गुच्छ देण्यात शहाणपण नाही.

कोणत्या दिवसांत लग्न धरावे

फुलांचा बाजार सणांवर आणि मुहूर्तांवर चालतो. गणपती, दसरा, दिवाळी या दिवसांत भाव चढतात. १४ फेब्रुवारीच्या आधी मावळचा गुलाब परदेशी जातो आणि इकडेही महाग होतो. उलट पितृपक्षात, अधिक महिन्यात आपल्या हिंदू बांधवांची लग्ने नसतात आणि फुलांना उठाव कमी असतो. निकाहाला मुहूर्ताचे बंधन नाही. २०२६ मध्ये अधिक महिना १७ मे ते १५ जून असा. अशा काळात कार्यालयही सहज मिळते आणि फुलेही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान आणि मोहरम दरवर्षी सरकतात आणि आपल्या लग्नांचे दिवसही त्याबरोबर सरकतात. ज्या फुलवाल्याच्या भिंतीवर दोन्ही कॅलेंडरे शेजारी शेजारी टांगलेली आहेत, त्याला मालाची आगाऊ मागणी कधी द्यायची हे कळते. ज्याच्याकडे एकच आहे, तो निम्मे वर्ष अंदाजाने काढतो.

फुलवाल्याने काय करावे

आता फुलवाल्या बांधवांच्या तक्रारीकडे येऊ. घरी गुच्छ बांधणारे गिऱ्हाईक तुमचे शत्रू नाही. शिलाई मशीन घरोघरी आली म्हणून कापडाचे दुकान बंद पडले नाही; कापड, दोरा, अस्तर, बटणे यांचा खप उलट वाढला. तसेच येथे आहे. आज एखादी मुलगी गाळ्यावर येऊन म्हणते, “चाचा, वीस गुलाब सुटे द्या, मी घरी बांधणार आहे,” तर तिला तुटकपणे उत्तर मिळते, किंवा उरलेला माल दिला जातो. ती दुसऱ्यांदा येत नाही. पुढच्या वेळी सरळ पुण्याला जाते. त्याऐवजी गड्डी, पाला, टेप, रिबन यांचा एक संच करून ठेवा. बांधायचे कसे ते पाच मिनिटांत दाखवा. ज्यांना जमणार नाही त्या घरांची बांधणावळ तुम्ही घ्या आणि ती पावतीवर वेगळी लिहा: फुलांचे इतके, मजुरीचे इतके. मजुरी वेगळी दिसली की गिऱ्हाइकाला कामाची किंमत कळते आणि घासाघीसही फुलांपुरती राहते.

हार-गजरे गुंफण्याचे काम अनेक ठिकाणी घरी बसणाऱ्या बायकांना नगावर दिले जाते. नगाचा दर जुनाच राहतो, फुलांचा भाव मात्र सणाला चढतो. वाढलेल्या भावातला एक पैसाही गुंफणाऱ्या हातापर्यंत पोहोचत नाही. आमच्या व्यापारी बांधवांना हे बोचेल, पण सांगणे भाग आहे. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही आपली शिकवण आहे. ती रक्कम वाजवी असावी हेही त्यातच येते. ज्या बाईला सणाच्या दिवसांत नगामागे थोडे जास्त मिळेल, ती तुमचे काम सोडून जाणार नाही.

प्लास्टिकच्या फुलांवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही सावध व्हावे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत या फुलांवर बंदीची मागणी झाली आहे. हिरव्या स्पंजचेही तेच आहे. तो प्लास्टिकच्याच जातीचा, हाताने चुरला की त्याची पूड होते आणि ती गटारातून भीमेत जाते. हाताने बांधलेल्या गुच्छाला स्पंज लागतच नाही.

सरकारी योजनेचा लाभ

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ हुन्नर धरले आहेत. लोहार, सुतार, शिंपी, न्हावी यांच्याबरोबर त्यात ‘मालाकार’ म्हणजे हार गुंफणाराही आहे. आपल्यातील फार थोड्यांना हे ठाऊक आहे. योजना २०२७-२८ पर्यंतची आहे. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते, तिची पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद करते. मूळ प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आणि त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पहिले कर्ज १ लाखापर्यंत, ते फेडल्यावर दुसरे २ लाखांपर्यंत. तारण लागत नाही आणि व्याज ५ टक्के. वय १८ पूर्ण हवे, सरकारी नोकरी नको आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. हा शेवटचा नियम नीट लक्षात घ्यावा. घरात प्रत्यक्ष गुंफणारी बाई असेल तर अर्ज तिच्याच नावाने व्हावा. नवऱ्याच्या नावाने अर्ज करून काम तिच्याकडून करून घेऊ नये.

हाताच्या कामाबरोबर फुलांच्या साठवणीचे ज्ञानही लागते. तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक विकास महामंडळाचे पुष्पोत्पादन उद्यान आहे, राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थाही तेथेच आहे. चाकणहून तळेगाव जवळ आहे. ज्यांना हा धंदा मनापासून करायचा आहे त्यांनी तेथे जाऊन चौकशी करावी. हरितगृहवाल्याशी थेट ओळख झाली तर गड्डी पुण्याला जाऊन परत येण्याची गरजच राहणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरचा गुच्छ घरी बांधावा, म्हणजे लग्नाचा खर्च थोडा कमी होईल. पण तेवढ्यावर थांबू नये. ज्या घरात हात बसला आहे, त्याने मजुरी धरून दुसऱ्याचे काम घ्यावे. ज्या फुलवाल्याकडे गाळा आहे, त्याने अशा हातांना माल द्यावा, रास्त दराने काम द्यावे. राजगुरुनगर-चाकण पट्ट्यात लग्नांची कमी नाही आणि फुलांचीही नाही. येत्या हंगामात निदान एका मोहल्ल्याने हा प्रयोग करावा, हिशेब वहीत लिहावा आणि तो आम्हाला कळवावा. आम्ही तो याच पानावर छापू.